नंबरप्लेट: सरकारनं दिलेला क्रमांक आणि आपण विकत घेतलेला क्रमांक

आजचा विषय रोज आपल्या डोळ्यांसमोर असतो आणि तरीही आपण त्याच्याकडे बघत नाही. सिग्नलला थांबलो की पुढच्या गाडीची नंबरप्लेट आपण नकळत वाचतो. एमएच असेल तर ‘आपला’, दुसरं काही असेल तर ‘बाहेरचा’. त्यापुढे विचार जात नाही. पण या छोट्याशा पाटीवर शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात कायदा आहे, राज्यांची फेररचना आहे, अस्मिता आहे, पैसा आहे, आणि प्रसंगी एखाद्या घराचं भवितव्यही आहे. आज आपण दोन प्रकारच्या क्रमांकांबद्दल बोलू. एक, सरकार ओळीनं देतं तो सर्वसाधारण क्रमांक. दुसरा, आपण पैसे मोजून मागून घेतो तो पसंतीचा क्रमांक. या दोघांचं नातं कसं घडत गेलं, ते समजून घेऊ.

क्रमांक आधी कोणाला होता?

सुरुवात मोटारीच्या आधीपासून करावी लागेल. गाडीला क्रमांक देणं ही मोटारीबरोबर आलेली कल्पना नाही. भाड्यानं चालणाऱ्या घोडागाड्यांना परवाना आणि क्रमांक देण्याची पद्धत त्याहून बरीच जुनी. आपल्या मुंबईतही भाड्याच्या गाड्यांसाठी १८६३ सालचा कायदा होता. मुंबईची व्हिक्टोरिया असो की स्टेशनाबाहेरचा टांगा, त्याला क्रमांक असायचा. हमालाच्या दंडावर बिल्ला असायचा. म्हणजे क्रमांक कोणाला? जो पोटासाठी रस्त्यावर काम करतो त्याला. शेटजींच्या स्वतःच्या बग्गीला क्रमांक नसायचा. बग्गी आली की लोक घोड्यांवरून, कोचमनच्या पोशाखावरून ओळखायचे, ही अमक्यांची गाडी. प्रतिष्ठित माणसाची ओळख त्याच्या नावानं, आणि कष्टकऱ्याची ओळख आकड्यानं, असा तो सरळ हिशेब होता.

मोटार आली आणि हा हिशेब उलटला. मोटार घेणारा माणूस श्रीमंतच असणार. पण ही गाडी वेगानं जाते, धूळ उडवते, माणसाला धडकते आणि कोणी आरडाओरडा करेपर्यंत पसार होते. घोडागाडीच्या मागे धावता येत होतं, मोटारीच्या मागे कोण धावणार? म्हणून १४ ऑगस्ट १८९३ रोजी पॅरिसच्या पोलिसांनी हुकूम काढला की प्रत्येक मोटारीवर मालकाचं नाव, पत्ता आणि क्रमांक लिहिलेली पाटी हवी. नंबरप्लेटचा इतिहास साधारण इथून मोजतात.

ब्रिटनमध्ये १९०३ साली मोटार कार कायदा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून तो लागू झाला. मोटारवाल्या मंडळींना ही क्रमांकाची सक्ती आवडलेली नव्हती. पण त्याच कायद्यानं वेगमर्यादा ताशी २० मैलांपर्यंत वाढवून दिली. एका हातानं जास्त वेग आणि दुसऱ्या हातानं ओळख पटवण्याची जबाबदारी, असा हा सौदा होता. यातला ‘जबाबदारी’ हा शब्द लक्षात ठेवा, आपण शेवटी त्याच्याकडेच येणार आहोत.

आता गंमत बघा. ब्रिटिशांनी एकेरी अक्षरं लोकसंख्येच्या क्रमानं वाटली. लंडनला ‘ए’, लँकेशायरला ‘बी’, अशी. त्यामुळे लंडनचा पहिला क्रमांक झाला ‘ए १’. आणि हा क्रमांक मिळवण्यासाठी अर्ल रसेल, म्हणजे तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांचे थोरले बंधू, रात्रभर रांगेत थांबले होते अशी कथा सांगतात. म्हणजे ज्या क्रमांकाची सक्ती नकोशी होती, त्याच क्रमांकात लागलीच मान शोधला गेला. क्रमांक तर घ्यावाच लागणार, मग तो पहिला का असू नये? पसंतीच्या क्रमांकाचं सगळं मानसशास्त्र या एका प्रश्नात आहे. सर्वसाधारण क्रमांक आणि मानाचा क्रमांक ही जुळी भावंडं आहेत असं आम्ही म्हणतो, ते यासाठी.

तीन अक्षरांचा काळ

आपल्याकडे मोटारी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी आल्या. आधी प्रांतांनी आपापले कायदे केले, मग १९१४ साली सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मोटार वाहन कायदा झाला. त्याच्या जागी १९३९चा कायदा आला आणि तो थेट १९८९ पर्यंत चालला. संस्थानांची तऱ्हा वेगळी. स्वातंत्र्यानंतर विलीनीकरण झालं तरी राजेमंडळींना जे विशेषाधिकार मिळाले, त्यांत गाड्यांवरची लाल पाटीही होती. १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं तनखे आणि विशेषाधिकार संपले, तेव्हा या पाटीचाही मान संपला. संस्थानिक आणि सामान्य नागरिक एका रांगेत आले. अगदी नंबरप्लेटपुरतं बोलायचं तरी ही मोठी गोष्ट होती.

जुन्या पद्धतीत तीन अक्षरं आणि पुढे एक ते चार आकडे असायचे. पहिलं अक्षर राज्याचं. मुंबई राज्याचं ‘बी’. पन्नास-साठच्या दशकांतले चित्रपट बघताना गाडीवर ‘बीएमवाय’ असं काहीतरी दिसतं, ते हेच. पुढे महाराष्ट्राच्या गाड्यांवर ‘एम’ आला. दिल्लीचा ‘डी’. लालबहादूर शास्त्रींची फियाट आज दिल्लीत त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे, तिचा क्रमांक आहे ‘डीएलई ६’.

ही पद्धत सुटसुटीत होती, पण तिच्यात एक अडचण होती. पहिल्या अक्षरावरून राज्य कळायचं, पण कार्यालय कुठलं हे सामान्य माणसाला चटकन कळत नसे. त्यासाठी कुठली अक्षरं कुठल्या गावाची, हे पाठ असावं लागे. पोलीस आणि ट्रक ड्रायव्हर यांना ते पाठ असायचं, बाकीच्यांना नाही.

जुलै १९८९: नव्या पाटीवरचा नकाशा

१९८८चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ रोजी लागू झाला आणि आजची पद्धत आली. राज्याची दोन अक्षरं, कार्यालयाचे दोन आकडे, मालिकेची अक्षरं, आणि शेवटी चार आकडे. हे चार आकडे १ ते ९९९९. ते संपले की मालिकेचं अक्षर बदलतं. शून्य आणि एक यांच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून इंग्रजी ‘ओ’ आणि ‘आय’ ही अक्षरं वापरत नाहीत. उरली २४. म्हणजे एका अक्षराच्या मालिकांत २४ गुणिले ९,९९९, साधारण २ लाख ४० हजार गाड्या बसतात. दोन अक्षरं घेतली तर ५७ लाखांच्या वर. पुण्यासारख्या शहरात एका अक्षरानं भागलं नाही यात काही नवल नाही.

आता महाराष्ट्राचे कार्यालय-क्रमांक आपण जरा इतिहासाच्या नजरेनं वाचू. बऱ्याच जणांना वाटतं की हे आकडे उगाच वाटले आहेत. तसं नाही. ०१, ०२, ०३ मुंबई. ०४ ठाणे, ०५ कल्याण, ०६ रायगडसाठी पेण, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी: हे झालं कोकण. ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे, १३ सोलापूर, १४ पिंपरी-चिंचवड: हा पुणे विभाग. १५ नाशिक, १६ नगर, १७ श्रीरामपूर, १८ धुळे, १९ जळगाव: नाशिक विभाग. २० ते २६ मराठवाडा, औरंगाबादपासून नांदेडपर्यंत. २७ ते ३० अमरावती विभाग. ३१ ते ३६ नागपूर विभाग. म्हणजे महसुली विभागांचा नकाशा समोर ठेवून एकेका विभागातली कार्यालयं ओळीनं मांडलेली दिसतात.

मग ३७ कोण? वाशीम. ३८ हिंगोली. ३९ नंदुरबार. वाशीमचं स्थान खरं तर अकोल्याशेजारी, हिंगोलीचं परभणीशेजारी, नंदुरबारचं धुळ्याशेजारी. मग ते शेवटी का? कारण हे तिन्ही जिल्हे १९९८-९९ मध्ये झाले, तोवर आधीचे आकडे वाटून झाले होते. याउलट सिंधुदुर्ग, जालना, लातूर, गडचिरोली बघा. हेसुद्धा तसे नवे जिल्हे, १९८१-८२ सालचे. पण १९८९ ला ते अस्तित्वात होते, म्हणून आपापल्या विभागाच्या ओळीत नीट बसले: ०७, २१, २४, ३३. अपवाद आहे तो गोंदियाचा. गोंदिया १९९९चा जिल्हा, पण त्याचा क्रमांक ३५. एक ध्यानात घ्या, हे आकडे जिल्ह्याचे नाहीत, परिवहन कार्यालयाचे आहेत. कल्याण, श्रीरामपूर, बारामती हे कुठे जिल्हे आहेत? पण एकूणात १९८९ साली महाराष्ट्राचा नकाशा कसा होता, हे आपल्या नंबरप्लेटनं जपून ठेवलं आहे. पुढे ४२ बारामती, ४३ वाशी, ४६ पनवेल, ४७ बोरिवली, ४८ वसई हे आकडे आले. शहरं कुठल्या दिशेला वाढली, तेही या ओळीत वाचता येतं.

आणखी एक. गावांची नावं बदलली. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. पण २०, २५ आणि १६ हे आकडे तसेच राहिले. आकड्याला ना भाषा असते, ना बाजू. त्यामुळे नाव बदललं तरी आकडा टिकतो.

अक्षरं मात्र भांडणात ओढली जातात

आकडा निर्विकार असतो, पण राज्याची अक्षरं तशी नसतात. ओरिसाचं ओडिशा झालं आणि ‘ओआर’चं ‘ओडी’ करावं लागलं. उत्तरांचलचं उत्तराखंड झालं आणि ‘यूए’ जाऊन ‘यूके’ आलं. सगळ्यात बोलकं उदाहरण तेलंगणाचं. वेगळ्या राज्याची चळवळ तापलेली असताना तिथल्या लोकांनी ‘एपी’ पुसून स्वतःच्या गाड्यांवर ‘टीजी’ लिहायला सुरुवात केली. कायद्यानं तो गुन्हाच होता. पण राज्य कागदावर येण्याआधी ते लोकांच्या स्कूटरवर आलं होतं. २०१४ साली राज्य झालं तेव्हा अधिकृत अक्षरं मिळाली ‘टीएस’. आणि २०२४च्या मार्चमध्ये सरकार बदलल्यावर ती बदलून ‘टीजी’ करण्यात आली.

आपल्या सीमाभागातल्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. कोल्हापूरची गाडी ‘एमएच ०९’, बेळगावची ‘केए २२’. दोन्ही गाड्यांत मराठी बोलणारी माणसं असू शकतात, बऱ्याचदा ती एकमेकांची सोयरीही असतात. पण डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला तेव्हा बेळगावजवळ महाराष्ट्राच्या पाटीच्या गाड्यांवर दगड आले, आणि इकडे पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. दगड मारणाऱ्यानं आत कोण बसलंय ते पाहिलं नव्हतं, त्यानं फक्त दोन अक्षरं वाचली होती. गाडी ओळखता यावी म्हणून लावलेली पाटी माणसाला वेगळं काढण्यासाठी वापरली जाते, ती अशी.

राज्याच्या अक्षरांना पैशाचीही बाजू आहे. वाहनकर हा राज्यांचा विषय. महाराष्ट्रात नव्या पेट्रोल मोटारीवर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त कर एकरकमी भरावा लागतो. काही राज्यांत तो कमी. म्हणून महागड्या गाड्यांवर पुदुच्चेरीची ‘पीवाय’ पाटी दिसते, आणि महामार्गावर नागालँडची ‘एनएल’ पाटी लावलेले ट्रक दिसतात, जे नागालँडला फारसे जातही नसतील. कायदा म्हणतो की गाडी बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला क्रमांक घ्यायला हवा. ज्यांची खरोखरच बदली होते त्यांना याचा जाच व्हायचा. एका राज्यातून ना-हरकत दाखला आणा, दुसऱ्या राज्यात कर भरा, मग पहिल्या राज्याकडे परतावा मागत बसा. त्यावर तोडगा म्हणून सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ म्हणजे भारत मालिका आली. आधी नोंदणीच्या वर्षाचे दोन आकडे, मग बीएच, मग चार आकडे आणि अक्षरं. कर दोन-दोन वर्षांचा. ती लष्करातले, सरकारी नोकरीतले, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतले लोक घेऊ शकतात. गाडीवर राज्याचं नाव नाही, असं सामान्य नागरिकांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

पसंतीचा क्रमांक

आता दुसऱ्या भावंडाकडे येऊ. ओळीनं येईल तो क्रमांक न घेता हवा तो मागणं, याला आरटीओच्या भाषेत पसंतीचा किंवा आकर्षक क्रमांक म्हणतात. बोलताना आपण म्हणतो व्हीआयपी नंबर.

लोक काय मागतात? १ मागतात, हे अर्ल रसेलपासून चालत आलंय. ९ मागतात, किंवा ज्यांची बेरीज ९ येते असे आकडे. ७८६ मागतात, कारण मुस्लिम समाजात तो बिस्मिल्लाचा आकडा मानला जातो. मघाशी आपण हमालाच्या बिल्ल्याबद्दल बोललो. ‘दीवार’ चित्रपटात नायकाला गोदीत मिळालेला बिल्ला ७८६ क्रमांकाचाच असतो. कष्टकऱ्याच्या दंडावरचा आकडा तिथे रक्षणकर्ता होतो. तोच आकडा आज आलिशान मोटारीवर असतो, आणि त्यासाठी पैसे मोजावे लागतात.

महाराष्ट्र सरकारनं ३० ऑगस्ट २०२४च्या अधिसूचनेनं हे दर वाढवले. चारचाकीसाठी ‘०००१’ हा क्रमांक तीन लाखांवरून पाच लाखांवर गेला. मुंबई, पुणे अशा मोठी मागणी असलेल्या ठिकाणी सहा लाख. चालू मालिका सोडून दुसऱ्या मालिकेतला हवा असेल तर १८ लाखांपर्यंत. ०७८६, ०००९, ९९९९ अशा क्रमांकांना अडीच लाख. याच अधिसूचनेनं हा क्रमांक पती-पत्नी, मुलगा, मुलगी यांच्या नावावर करण्याची मुभा दिली. म्हणजे नंबर आता वारसाहक्कानं येऊ शकतो, शेतजमिनीसारखा.

काही राज्यांत लिलाव होतात. केरळमध्ये एप्रिल २०२५ मध्ये ‘केएल ०७ डीजी ०००७’ हा क्रमांक ४५ लाख ९९ हजारांना गेला. बाहेर बघाल तर अबू धाबीत २००८ साली ‘१’ हा क्रमांक ५ कोटी २२ लाख दिरहमना विकला गेला, आणि दुबईत २०२३ साली ‘पी ७’ साडेपाच कोटी दिरहमना. हे लिलाव धर्मादाय कामासाठी होते. ब्रिटनमध्ये सरकार १९८९ पासून असे क्रमांक विकतं. तिथे ‘२५ ओ’ हा क्रमांक २०१४ साली ५ लाख १८ हजार पौंडांना गेला, कारण तो ‘२५०’ असा वाचता येतो आणि फेरारीच्या एका नावाजलेल्या गाडीचं नाव २५० आहे.

इथे आपण घाईनं निवाडा करू नये. कोणी म्हणेल, पैशाचा माज आहे. पण शासनाच्या बाजूनं बघा. आकडा छापायला सरकारला काहीच जास्त खर्च येत नाही, तिजोरीत मात्र भर पडते, आणि ती भर ज्याची ऐपत आहे त्याच्याच खिशातून. त्यामुळे ०००१ विकत घेण्यानं कुणाचं नुकसान होत नाही. आणि एक मुद्दा कायम ध्यानात ठेवायचा: तुम्ही तो क्रमांक विकत घेतलेला नसतो, तो लावण्याचा हक्क घेतलेला असतो. क्रमांक नोंदवहीचाच राहतो. ०००१ वाल्याचं नाव, पत्ता, इंजिन आणि चॅसिस क्रमांक त्याच वहीत असतो, जिथे ४३७२ वाल्याचा असतो.

आकडा वाचायचा की शब्द?

नुकसान सुरू होतं ते दुसऱ्या ठिकाणी. मराठी माणसानं पसंतीच्या क्रमांकाला स्वतःचं एक वळण दिलं. ४१४१ चं ‘दादा’ केलं. २१४ चं ‘राम’ केलं. ४९१२ चं ‘पवार’ केलं. जरा बारकाईनं बघा, यात ४ हा आकडा एकदा ‘द’ आहे, एकदा ‘म’ आहे आणि एकदा ‘प’ आहे. १ कधी काना होतो. ८०५५ चं रोमन लिपीतलं ‘बॉस’ होतं. लिपीशी खेळण्याची ही हौस आपल्याकडे भरपूर आहे, आणि ती कल्पक आहे, हे मान्य करायला हवं.

याला आणखी एक बाजू आहे, ती भाषेची. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ५०वा नियम सांगतो की पाटीवरची अक्षरं इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय हवेत. महाराष्ट्रात बऱ्याच गाड्यांवर देवनागरी पाटी असते, आणि लावणाऱ्याची भावना असते की माझ्या राज्यात माझ्या लिपीत का नको? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं की पाटी मालकासाठी नसते. ती अनोळखी माणसासाठी असते. मराठी गाडी आंध्रात गेली आणि तिथे कुणाला धडकली, तर तो क्रमांक तिथल्या माणसाला वाचता आला पाहिजे. आपली लिपी गाडीवर दुसरीकडे लिहायला कुणाची ना नाही.

आणि आता जबाबदारीकडे येऊ. मोटार अपघातात कुणी दगावलं आणि गाडीचा क्रमांक माहीत असेल, तर गाडीचा मालक सापडतो, त्याचा तृतीय पक्ष विमा सापडतो, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचं वय, उत्पन्न, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं यांचा हिशेब करून भरपाई ठरवतं. ती दहा-वीस लाखही असू शकते, जास्तही. पण गाडी पळून गेली आणि क्रमांक कुणालाच वाचता आला नाही, तर ते होतं ‘हिट अँड रन’. त्यासाठी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत ठरीव रक्कम आहे: मृत्यूला दोन लाख, गंभीर इजेला पन्नास हजार. त्याआधी तर मृत्यूला पंचवीस हजार होते. कमावता माणूस गेलेल्या घराला दोन लाख मिळतात की वीस, हे कित्येकदा एकाच गोष्टीवर ठरतं. रस्त्याकडेच्या चहावाल्याला दोन सेकंदांत ते आकडे वाचता आले की नाही, यावर. त्यानं जर ‘दादा’ एवढंच वाचलं असेल, तर पोलिसांनी काय शोधायचं?

क्रमांकाची ताकद मुंबईनं फार जवळून पाहिली आहे. १२ मार्च १९९३ला बॉम्बस्फोट झाले. त्याच दिवशी वरळीला एक मरून रंगाची मारुती व्हॅन बेवारस सापडली, आत शस्त्रं होती. तिचा क्रमांक ‘एमएफसी १९७२’. जुन्या पद्धतीचा, तीन अक्षरांचा. त्या क्रमांकावरून नोंदवही उघडली गेली, नोंदीवरून पत्ता मिळाला, आणि पोलीस माहीमच्या एका इमारतीत मेमन कुटुंबाच्या घरापर्यंत पोहोचले. एवढ्या मोठ्या कटाचा पहिला धागा एका पाटीनं दिला. २००८ च्या नोव्हेंबरात दोन दहशतवादी पळवलेल्या गाडीतून निघाले, तेव्हा वायरलेसवरून त्या गाडीचं वर्णन आणि क्रमांक सांगितला गेला आणि गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर पोलिसांनी ती ओळखली. तिथेच तुकाराम ओंबळे यांनी प्राण दिला आणि कसाब जिवंत हाती लागला. या दोन्ही वेळी पाटी वाचता येत होती, हे महत्त्वाचं.

एकसारख्या पाटीपर्यंतचा प्रवास

पाटीचा आकार, अक्षरांचं वळण, बसवण्याची पद्धत देशभर एकच असावी यासाठी उच्च सुरक्षा नोंदणी पाटीचा, म्हणजे एचएसआरपीचा नियम २००१ सालीच आला. ॲल्युमिनियमची पाटी, वर अशोकचक्राचा होलोग्राम, निळ्या रंगात ‘आयएनडी’, लेझरनं कोरलेला वेगळा क्रमांक, आणि एकदा बसवलं की तोडल्याशिवाय निघत नाही असं कुलूप. चोरलेल्या गाडीला दुसऱ्याची पाटी लावणं अवघड व्हावं हा हेतू. पण निविदांवरून वाद झाले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरणं गेली, राज्यांनी चालढकल केली. शेवटी १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती कारखान्यातून किंवा विक्रेत्याकडूनच मिळू लागली. म्हणजे नियम होऊन तो रस्त्यावर यायला १८ वर्षं गेली. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना ती बसवायची मुदत किती वेळा वाढली, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंच आहे. गावोगावी केंद्रं नाहीत, तारीख मिळत नाही, पैसे का भरायचे, या तक्रारींत तथ्य होतं.

पण या पाटीनं एक जुना वाद मिटवला. पसंतीचा क्रमांक अजूनही घेता येतो. ४१४१ हवा असेल तर जरूर घ्या, शुल्क भरा. मात्र तो ४१४१ असाच दिसेल. आकडा तुमच्या आवडीचा, वळण सगळ्यांचं एकच. हा तोडगा आम्हाला योग्य वाटतो. अर्ल रसेलच्या ‘ए १’ ला सुद्धा हाच नियम होता. मान मिळवायचा तर मिळवा, पण वाचता येईल असा. तेव्हाच्या सौद्याचा अर्थ हाच होता की ज्याच्या हातात वेग आहे, त्यानं अनोळखी माणसासमोर आपली ओळख उघडी ठेवायची.

जाता जाता एक कामाची गोष्ट. रस्त्यावर अपघात बघितला आणि गाडी पळाली, तर सगळी पाटी ध्यानात ठेवायला जाऊ नका, गोंधळ होतो. आधी शेवटचे चार आकडे मनात घोका. मग राज्याची अक्षरं आणि कार्यालयाचे दोन आकडे. मग गाडीचा रंग आणि प्रकार. मधली मालिकेची अक्षरं सुटली तरी चालतील, एवढ्या माहितीवर नोंदवहीतून संशयित गाड्या मोजक्याच उरतात. आणि लगेच कुणाला तरी मोठ्यानं सांगा किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवा, कारण पाच मिनिटांत आकडे मागेपुढे होतात. घरी गेल्यावर आपल्या स्वतःच्या गाडीची पाटीही एकदा पुसून ठेवा. चिखलानं झाकलेला ०००१ आणि चिखलानं झाकलेला ४३७२ यांत रस्त्यावरच्या माणसाला काहीच फरक पडत नाही.